चार वाजताचा वास

शनिवार, १ मार्च

कंपनी दरवर्षी डायरी देते आणि मी दरवर्षी ती वाणसामानाच्या याद्यांसाठी बायकोला देऊन टाकतो. यंदा ठेवून घेतली. यंदाच्या चहाबद्दल कुठेतरी लेखी राहायला हवं. बागवाल्यांनी काय चालवलंय कळत नाही. पत्ती दिसायला झकास, रंग झकास, आणि घोट घेतला की मुडदा! कडकपणा आहे, तुरटपणा आहे, पण ज्याच्यासाठी चहा प्यायचा तो सुवासच नाही. एकोणतीस वर्षं मी चहा चाखतोय, रोज शंभरेक कप, पण असलं साल पाहिलं नाही. ऑक्टोबरात तापाने दोन आठवडे घरी पडलो होतो, तेवढ्यात सगळ्यांनी मिळून घाण करून ठेवली.

कामावर माझ्या पाठीमागे मला 'नाकसाहेब' म्हणतात. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. मलाही ते नाव आवडतं, हे त्यांना माहीत नाही.

घरातही तीच रड. हिच्या हाताला काय झालंय देव जाणे. आज पुन्हा भाजी अळणी. मी म्हटलं, "अगं, घरातलं मीठ संपलंय का?" ती गुपचूप उठली, मीठ आणलं, भाजीच्या पातेल्यात घातलं, ढवळलं. मला वाढली, स्वतः घेतली. तिच्या ताटातला पहिला घास मी चाखतो, ही माझी लग्नापासूनची खोड. म्हटलं, "आता कुठे जरा भाजीसारखी लागतेय." जेवताना ती चार पेले पाणी प्यायली. उन्हाळा लवकर लागणार असं दिसतंय.

कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान बंद झालं होतं ना, तिथे इंडोनेशियन जेवणाचं हॉटेल उघडलंय. हिला जायचंय. मी म्हटलं, आजवर आपलं काही अडलं नाही त्याच्यावाचून.

मंगळवार, ४ मार्च

आज चाखणीच्या खोलीत बेचाळीस कप लागले होते. पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येक कपामागे त्याच्या पत्तीचा डबा. उकळतं पाणी ओतलं की सहा मिनिटं मोजायची. मग मी चमच्याने घोट ओढायचा, शिट्टी वाजावी तसा आवाज करून, तोंडभर खेळवायचा, श्वास नाकावाटे सोडायचा आणि चाकांच्या थुंकदाणीत थुंकायचा. माझी सहायक बारा वर्षं सोबत आहे. सहा मिनिटांवर एक सेकंद जाऊ देत नाही म्हणून मी तिला 'घड्याळ' म्हणतो. तीही 'ओ' देते.

सातव्या कपापाशी घड्याळ घुटमळली. "साहेब, हा परत एकदा घेता का?"

"का?"

"मला वाटलं, जरा साबणासारखा..."

मी परत घेतला. छान कडक, रंग तांबूस, दोष औषधालासुद्धा नाही. तिला म्हटलं, "बाई, तू मिनिटं मोज, नाकाचं मी बघतो." आणि तिच्यासमोर सातव्याच्या कागदावर सही करून मीच तो खाली पाठवून दिला. तिचं तोंड एवढंसं झालं. बोलायला नको होतं तसं. पण बारा वर्षांत मला शिकवायला निघालीये ही!

रविवार, ९ मार्च

गेलो अखेर. अजून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

दुपारी साडेतीनला गेलो, कारण हिला गर्दी नको होती. सहा टेबलं, भिंतीवर जहाजाचा मोठा फोटो. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, काळा ॲप्रन, दंडावर भाजल्याच्या जुन्या खुणा. वीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाक केला म्हणे. त्यांची भाषा आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीपेक्षा शुद्ध आहे. त्यांनी मला दादा म्हटलं आणि हिला ताई, आणि मेनूकार्ड आमच्या हातातून काढूनच घेतलं. म्हणाल्या, "पहिल्यांदा आलात ना? मग मी देते ते खा."

पहिला धक्का म्हणजे गाडो-गाडो. उकडलेल्या भाज्या, उकडलेलं अंडं, आणि वरून शेंगदाण्याचा दाट रस्सा. भाज्यांवर! तोही गोडसर! मी हिच्याकडे बघितलं, ही कधीच खायला लागली होती.

दुसरा धक्का तेम्पे. सोयाबीनला मुद्दाम बुरशी आणून त्याची वडी करतात आणि तळतात. मुद्दाम! आमच्याकडे पत्तीला बुरशीची शंका जरी आली तरी अख्खा लॉट परत जातो. मी बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुम्ही पत्ती थुंकता आणि आम्ही तेम्पे गिळतो." ही एवढी हसली की ठसका लागला.

तिसरा धक्का काळा रस्सा. काळा म्हणजे डांबरासारखा. कसलं तरी बी आहे, कच्चं विषारी असतं, ते राखेत पुरून महिनाभर ठेवतात, मग खातात. म्हटलं, हे पहिल्यांदा ज्याने खाऊन बघितलं त्याच्या घरचे कुठे गेले होते? बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखाच कोणीतरी चाखणारा असेल."

खरं सांगायचं तर या तिन्ही गोष्टींना मला फारशी चव लागली नाही. गोड, खारट, आंबट, बस. त्यांच्याकडेही हाताला काही नाही असं मनात म्हणत होतो, तेवढ्यात साम्बालची वाटी आली. मिरचीची कुटलेली चटणी. एक चमचा घेतला आणि अहाहा! डोळ्यांतून पाणी, कानांतून वाफ, टाळूला आग. पाच महिन्यांत पहिल्यांदा तोंडाला काहीतरी कळलं! मी तीन चमचे खाल्ले. बाई हातातलं फडकं तसंच धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादा, इथले लोक याचं एक बोट घेतात."

"मी इथल्या लोकांतला नाही," मी म्हटलं, "मी चाखणारा आहे."

आता खरा धक्का, लोकांच्या वागण्याचा. चार वाजता बाई आत गेल्या, संध्याकाळच्या चटणीसाठी तव्यावर काहीतरी भाजायला लागल्या. आणि शेजारच्या टेबलावरचं जोडपं नाकाला रुमाल लावून उठलंच! अर्धं ताट टाकून! माझ्या मागचा म्हातारा "बाप रे बाप" करत दाराबाहेर जाऊन उभा राहिला. हिनेही रुमाल काढला. मी हिला हळूच म्हटलं, "लोकांना काही रीतभात? कोणाच्या घरी जाऊन असं नाक मुरडतात का? आणि तू पण?"

ही रुमालाआडून माझ्याकडे बघत राहिली. बघतच राहिली. मग तिने रुमाल खाली घेतला आणि घडी करून मांडीवर ठेवला. समोरचं ताट बाजूला सारलं. खाणं सोसलं नसावं.

बुधवार, १२ मार्च

सेक्रेटरी आले होते. हे आमच्या खालीच राहतात आणि अर्ज लिहिणं हाच त्यांचा निवृत्तीनंतरचा व्यायाम. आता हॉटेलविरुद्ध अर्ज निघालाय. रोज चार वाजता असह्य दुर्गंधी पसरते, सबब इमारतीने दिलेली जागा काढून घ्यावी. तेवीस तारखेला सभा.

"दुर्गंधी?" मी म्हटलं. "मी रविवारी चार वाजता तिथे बसलो होतो. काही नाही."

"काही नाही?" सेक्रेटरींचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, माझ्या पडद्यांना येतो वास!"

"मग पडदे धुवा."

मी त्यांना स्वच्छ सांगितलं की परक्या माणसांचं अन्न म्हटलं की नाकं आपोआप वाकडी होतात, हा वास त्यांच्या डोक्यात आहे. तरी निकाल नीट व्हावा म्हणून शनिवारी मी स्वतः तपासणी करीन आणि लेखी देईन. एकोणतीस वर्षांचं नाक आहे, सभेला ते मान्य करावं लागेल. सेक्रेटरी म्हणाले, "तुमचं नाक म्हणजे प्रश्नच मिटला."

ते गेल्यावर ही म्हणाली, "तुम्ही नका पडू यात."

"का नको?"

"नका पडू म्हणते ना. उगाच नाकाने कांदे सोलायला जाऊ नका." आणि आत जाऊन भांडी जोरजोरात घासायला लागली. घासून ठेवलेलीच भांडी होती.

शुक्रवार, १४ मार्च

हिला सकाळी गरगरलं. डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्तदाब एकशे ऐंशीच्या घरात! मी हादरलोच, हिला आजवर साधी डोकेदुखी माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीठ एकदम कमी. मी हसलो. म्हटलं, "आमच्या घरात मीठ? अहो, मला मागून घ्यावं लागतं!" डॉक्टरीणबाईंनी हिच्याकडे बघितलं, हिने खिडकीकडे. गोळ्या दिल्यात.

शनिवार, १५ मार्च

तपासणी पार पडली. रीतसर केली. सकाळपासून चहा नाही, साबण नाही, दाढीनंतरचं काही नाही. बरोबर चारला बाईंच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. सेक्रेटरी रस्त्यापलीकडे थांबले, ही दारात.

बाईंनी डबा उघडला. तरासी म्हणतात त्याला. कोळंबी कुटून, मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेली काळपट वडी. तिचा तुकडा चिमट्यात धरून विस्तवावर भाजायला लागल्या. धूर निघाला. बाईंच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी. मी पुढे झालो, धुरावर वाकलो, नाक हातभर अंतरावर नेलं, मग वीतभर, मग बोटभर. तीन दीर्घ श्वास घेतले. घसा जरा खवखवला, एवढंच.

"काहीही नाही," मी जाहीर केलं. "स्वच्छ."

बाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला आणि वडीचा कोळसा झाला. मला वाटलं, बिचारीला आनंद झाला असेल. मागे दारात हिच्या हातून पेला निसटून फुटला.

तिथेच बसून कागद लिहिला. "खाली सही करणार मी, एकोणतीस वर्षे चहाच्या चाखणीचे काम करीत असून, प्रत्यक्ष तपासणीअंती लिहून देतो की सदर पदार्थास कोणत्याही प्रकारचा उग्र वास येत नाही." सही, तारीख. बाईंनी कागद घेतला, पण धन्यवाद म्हणायला विसरल्या.

सोमवार, १७ मार्च

सातवा लॉट परत आला. अख्खा. गोदामात साबणाच्या खोक्यांशेजारी ठेवला होता आणि पत्ती वास ओढून घेते, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. ज्यांच्याकडे गेला ते म्हणे, "पाकीट उघडलं तर धोब्याकडे आल्यासारखं वाटलं, हे पास कोणी केलं?"

मी केलं.

खोलीत सगळ्यांसमोर ओरडलो. गोदामवाल्यावर, बागेवर, सगळ्यांवर. म्हटलं, इथून गेला तेव्हा ठीक होता, नंतर लागला असणार वास. घड्याळ खाली मान घालून कप धूत होती. एकदा वाटलं, ती काहीतरी बोलेल. तिला आठवत असणार. बोलली नाही. यापेक्षा बोलली असती तर परवडलं असतं.

मंगळवार, १८ मार्च

एक गोष्ट लिहू की नको. आज जेवणानंतर, ही बाहेर गेली होती तेव्हा, कपाटातला साबण काढून हुंगला. मग दाढीनंतर लावायचं पाणी. सर्दी आहे बहुतेक. हवा बदलतेय.

गुरुवार, २० मार्च



बाई चार वाजून गेल्यावर घरी आल्या. मी आज लवकर आलो होतो. ही दार उघडून बाजूला झाली, जणू तिला माहीतच होतं. बाईंनी माझा कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी कागदाने झाकलेल्या दोन वाट्या.

"दादा, डोळे मिटा. दोन्ही वाट्यांत काय आहे सांगा."

मला परीक्षा! पण म्हटलं, ठीक आहे, बघ गंमत. डोळे मिटले. पहिली हुंगली. दुसरी हुंगली. मग परत पहिली. हसून म्हटलं, "रिकाम्या वाट्या देऊन फसवता होय मला?"

डोळे उघडले. एका वाटीत साखर होती. दुसरीत आत्ताच भाजलेली तरासी, काळी, अजून धुमसत होती. आणि ही खिडकीशी उभी होती, खिडकी सताड उघडी, तोंडावर हात.

मी परत वाटी उचलली. नाकाला लावली. इतकी की नाकाला काजळी लागली. काही नाही. अहो, काहीच नाही! कोऱ्या भिंतीला नाक लावल्यासारखं.

बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "आमच्या जहाजावर इंजिनातला एक माणूस होता. ताप आला, गेला, आणि त्यानंतर तो रोज माझ्याशी भांडायचा. तुझा स्वयंपाक बिघडलाय, मीठ घालत नाहीस, मसाला शिळा आहे. चार महिने भांडला. मग एकदा त्याच्या खोलीत वायर जळत होती, आम्ही सगळे धावत आलो आणि हा आत निवांत पत्ते लावत बसलेला."

"मला वास येतो," मी म्हटलं.

"तुमच्या कागदाने माझं हॉटेल वाचेल, दादा. दुसरा कोणी माझ्या बाजूने लिहून देणार नाही. पण सभेत उठून कोणीतरी तुमच्या नाकाखाली काहीतरी धरणार. ते मला बघवणार नाही. म्हणून परत आणला." त्या उठल्या, वाट्या उचलल्या, हिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या.

मी हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "शंका नोव्हेंबरपासून होती. त्या रविवारी हॉटेलात खात्री पटली."

पुढचं लिहवत नाही आज.

शुक्रवार, २१ मार्च

कामावर गेलो नाही. नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाटल्या हुंगायला दिल्या, एकामागून एक बारा. बाराही पाणीच वाटलं. म्हणाले, तापात वासाची नस दुखावलीये. जीभ शाबूत आहे, म्हणून गोड, खारट, आंबट, कडू, तुरट कळतं, तिखटाची आग कळते. बाकी चव म्हणून आपण जे म्हणतो ते सगळं नाकाचं असतं. हे मला सांगत होते! मी नव्या मुलांना हेच शिकवतो, याच शब्दांत! आणि पाच महिने स्वतःच्या डोक्यात एकदाही उजेड पडला नाही.

परत येईल का विचारलं. येईल, किंवा नाही येणार. रोज चार वास ठरवून घ्यायचे, मन लावून, महिनोन्महिने. बस, एवढाच उपाय.

दुपारी हिच्यासमोर बसलो. म्हटलं, "सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? तुमच्याकडे दुसरं आहे काय? उठता-बसता नाक." मग म्हणाली, "वाटलं येईल परत. आज येईल, उद्या येईल. तोवर मीठ घालत राहिले."

"पण तू का खाल्लंस ते? स्वतःची वेगळी काढायचीस!"

"आणि तुम्ही माझ्या ताटातला घास घेतला असता, मग? फरक कळला असता ना तुम्हाला. मीठ तर कळतंच होतं."

माझ्या खोडीपायी! माझी ती लाडकी खोड, लग्नापासूनची! पाच महिने रोज दोन वेळा ही बाई खारट अन्न गिळत होती, वर तांब्या-तांब्या पाणी पीत होती, आणि मी या डायरीत लिहितोय की उन्हाळा लवकर लागणार. पहिलं पान उघडून वाचलं. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. खरंच मारली एक. ही म्हणाली, "पुरे, चष्मा फुटेल."

संध्याकाळी घड्याळला फोन केला. म्हटलं, "सातव्याबद्दल तू बोलली होतीस. चूक माझी." पलीकडे ती रडायला लागली. हळूहळू निघालं बाहेर. नोव्हेंबरपासून ती रोज मी गेल्यावर सगळे कप परत लावत होती, स्वतः चाखत होती आणि माझ्या कागदावरचे शेरे दुरुस्त करून खाली पाठवत होती. सातवा तेवढा मी स्वतः पाठवला म्हणून तिच्या हातून सुटला.

"साहेब, रागावलात?"

रागावू? माझ्या हाताखाली बारा वर्षं एक नंबरी नाक उभं होतं आणि मी त्याला मिनिटं मोजायला लावत होतो!

रविवार, २३ मार्च

सभा गच्चीत झाली, सकाळी दहाला. सतरा घरं. बाई एका टोकाला उभ्या, आज ॲप्रन नाही, हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. ही जागा गेली तर परत जहाज, असं हिला म्हणाल्या होत्या. पन्नाशीत.

सेक्रेटरींनी अर्ज वाचला. मग म्हणाले, "यावर आपल्या तज्ज्ञांनी तपासणी केली आहे. त्यांचा कागद..."

मी उठलो. कागद खिशातून काढला, चार तुकडे केले आणि म्हणालो, "हा कागद खोटा आहे. मी खोटं बोललो नाही, पण कागद खोटा आहे. ऑक्टोबरातल्या तापापासून मला वास येत नाही. कसलाच. तुम्ही म्हणता तर येत असेल तिथे वास, मी सांगू शकत नाही. यापुढे मला कोणी नाकाबद्दल विचारू नये."

सेक्रेटरींचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, तो वर करायचंही त्यांना सुचेना. मी बाईंकडे बघायचं टाळलं. त्यांच्या बाजूचा एकमेव कागद मी त्यांच्यासमोर फाडला होता.

मग ही उठली. तीस वर्षांत ही सभेत बोललेली मी पाहिली नाही.

"वास येतो," ती म्हणाली. "चांगलाच येतो. मेलेल्या माशाने मोजे घातल्यासारखा येतो. दहा मिनिटं. मग जातो. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही दरवाज्यांना पॉलिश केलंत तेव्हा आठ दिवस माझं डोकं दुखत होतं. मी अर्ज केला होता का?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"या बाईंकडे एका ओळीचा कागद होता, त्यात त्यांचं भलं होतं. तो त्यांनी घरी आणून परत दिला. का, तर चारचौघांत यांची शोभा होऊ नये. असा शेजार तुम्हाला काढायचाय? मला दहा मिनिटं खिडकी लावायला काही जड जात नाही."

तेव्हा बाई पुढे आल्या. भाजायचं काम मागच्या अंगणात करीन म्हणाल्या, झाकणाखाली, रोज नाही, आठवड्यातून दोनदा, बरोबर चार वाजता. हात वर झाले. अकरा बाजूने, पाच विरुद्ध. सेक्रेटरींनी मोजले, दोनदा, आणि मग दोन्हीकडे न धरलेला स्वतःचा हात बाजूने वर केला. मला वाटलं चूक झाली असेल. त्यांनी खाली घेतला नाही.

मंगळवार, २५ मार्च

मालकांना सांगितलं. मी राजीनामा टेबलावर ठेवला, त्यांनी तो न वाचताच हलकेच उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. उद्यापासून चाखणी घड्याळची. मी तिच्या शेजारी उभा राहीन, रंग आणि तुरटपणा सांगेन, नव्यांना शिकवेन.

शनिवार, २९ मार्च

पहिला आठवडा. बेचाळीस कप. ती चमचा ओढते, मी सहा मिनिटं मोजतो. बुधवारी सात सेकंद चुकलो. तिने मला काही म्हटलं नाही, नुसतं बघितलं. ते बघणं मी ओळखतो, माझंच आहे.

खोटं का लिहू, पोटात दुखतं. ती कपावर वाकते, तिचा चेहरा उजळतो आणि मी बाजूला हातात घड्याळ घेऊन उभा. परवा मोरीत जाऊन रडलो. मग तोंड धुऊन आलो.

रविवार, ६ एप्रिल

माझे चार वास ठरलेत. लिंबाची साल, लवंग, कॉफी, आणि चौथा तरासी. चौथ्यासाठी बाईंच्या मागच्या अंगणात बुधवार-रविवार चार वाजता हजर असतो. आज ही पण आली.

जेवण आधी झालं. बाईंनी आता आमच्यासाठी बेत ठरवलाय. हिच्या ताटात मीठ जवळजवळ नाही, लिंबू भरपूर. माझ्या ताटात कुरकुरीत, गारेगार, तिखट, आंबट. दातांना, टाळूला, घशाला काहीतरी कामधंदा. क्रुपुक म्हणजे त्यांचे कोळंबीचे तळलेले पापड, ते कानात वाजतात, तेवढीच मजा. मी हिच्या ताटाकडे हात नेला, सवयीने, आणि मागे घेतला.

ती म्हणाली, "घ्या की."

"नको. तुझं तू जेव."

चार वाजले. बाईंनी वडी विस्तवावर धरली आणि झाकण उचललं. मी वाकलो. मन लावून तीन श्वास घेतले. काही नाही. शेजारी ही नाकाला रुमाल लावून, डोळे बारीक करून उभी.

मी म्हटलं, "कसा येतो वास?"

"घाण येतो."

"तसं नाही. नीट सांग. आधी काय येतं, मग काय येतं."

तिला खरंच वाटेना. तीस वर्षांत चवीचं, वासाचं मी हिला कधी काही विचारलं नव्हतं. तुला काय कळतं, हेच म्हणत आलो. तिने एकदा बाईंकडे बघितलं. मग रुमाल काढला, घडी करून माझ्या हातात दिला, वाकली आणि मोठा श्वास घेतला. डोळ्यांत टचकन पाणी आलं तिच्या, तरी सोडला नाही.

मी खिशातून पेन काढलं. डायरी आणली होतीच. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो, जसंच्या तसं:

"आधी जळकं. केस जळल्यासारखं. मग एकदम मासळीबाजार, दुपारचा, बंद व्हायच्या वेळचा. मग थांबा हं... मग ते जातं. मग खाली काहीतरी गोड आहे. भाजलेल्या शेंगदाण्यासारखं. हे मला आधी कधी कळलंच नव्हतं, रुमाल होता ना. आणि सगळ्यात शेवटी, अगदी थोडं, ओल्या दोराचं."

"जहाजाचा," बाई हळूच म्हणाल्या.

मी विचारलं, "मीठ?"

तिने परत एकदा श्वास घेतला, माझ्यासाठी.

"बेताचं आहे," ती म्हणाली.